रेडे कुठे गेले?



केंद्र सरकारने २०१९ मध्ये विसावी पशुगणना केली. तिच्यातले म्हशींचे आकडे सुरुवातीलाच सांगते. देशात मादी म्हशी होत्या सुमारे १० कोटी ६ लाख आणि नर सुमारे ९३ लाख, म्हणजे जवळपास अकरा माद्यांमागे एक नर. गोवंशात माद्या साडेचौदा कोटी, तर नर पावणेपाच कोटींच्या आसपास. २०१२ च्या गणनेशी ताडून पाहिले तर सात वर्षांत रेड्यांची संख्या ४२ टक्क्यांनी आणि बैल-वळूंची ३० टक्क्यांनी घटली; माद्या मात्र दोन्हीकडे वाढल्या. म्हैस व्यायली की नर होण्याची आणि मादी होण्याची शक्यता जवळजवळ सारखीच असते. मग जन्मलेले रेडे गेले कुठे? काही पहिल्या दोन-चार महिन्यांतच भुकेने आणि जुलाबाने मरतात, बाकीचे मांसासाठी जातात. भारत दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक म्हैसवर्गीय मांस परदेशी पाठवतो. त्याच भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे २४ कोटी टन दूध निघाले, जगातल्या एकूण दुधाचा जवळजवळ पाव हिस्सा, आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक म्हशीचे. हे दोन धंदे वेगळे नाहीत. एकाच गोठ्याची ही दोन दारे आहेत.

रोजच्या जगण्यातून प्राण्यांच्या बाजूने कसे बोलावे, हा आजचा विषय. माझे म्हणणे एवढेच आहे की महाराष्ट्रात हे बोलणे दुधापासून सुरू व्हायला हवे, आणि ते बोलणाऱ्याने आपल्या घरात, आपल्या नात्यागोत्यात, आपल्या जातवर्गात आधी बोलायला हवे. आपल्याकडे प्राण्यांची कणव बहुतेक वेळा उलट्या दिशेने चालत आली आहे. शाकाहारी माणूस शेजाऱ्याच्या ताटातल्या मटणाकडे बोट दाखवतो आणि समोरचा चहा पीत राहतो. मटणाबद्दल बोलूच नये असे मी म्हणत नाही. पण ज्या वेदनेत आपला स्वतःचा वाटा आहे, तिच्याबद्दल गप्प राहून दुसऱ्याच्या वाट्याबद्दल बोलणाऱ्याचे कोणी का ऐकावे?

दूध सोडण्याचा विचार परदेशातून आलेला आहे, असे वारंवार म्हटले जाते. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी काढली हे खरे आहे. शाकाहारी मंडळींनी दूध-अंड्यांचा प्रश्न बाजूला सारला, म्हणून ते वेगळे झाले. पण त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी दूध सोडले होते. त्यांची कारणे दोन. एक ब्रह्मचर्याचे, त्याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही. दुसरे म्हणजे कलकत्त्याच्या गवळीवाड्यांत जास्त दूध काढण्यासाठी गायीम्हशींवर होणारा फुंक्याचा, म्हणजे जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकण्याचा, अघोरी प्रकार त्यांना कळला होता. १९१९ च्या सुमारास आजारपणात, कस्तुरबांच्या आग्रहावरून, त्यांनी शेळीचे दूध घ्यायला सुरुवात केली. व्रताची अक्षरे पाळली, पण त्याचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणी नोंदवली आहे. फुंका हा प्रकार आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमात नावानिशी गुन्हा ठरवला आहे, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असे काहीही टोचणे हाही त्याच कलमात गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना गोठ्यात काय चालते याची कल्पना होती, एवढे तरी त्यावरून दिसते. आणि अगदी आपल्या घरातले उदाहरण हवे असेल तर वसुबारस आहे. गाय-वासराची पूजा करून त्या दिवशी गायीचे दूध, तूप, ताक वर्ज्य करणाऱ्या असंख्य बायका या महाराष्ट्रात आहेत. वासराचा हक्क आधी, हे त्या आचारात वर्षातून एक दिवस मान्य केलेले आहे.

दूध निघते कसे, हे शहरात वाढलेल्या पिढीला समजावून सांगावे लागते, कारण पिशवीवर हसरी गाय असते आणि वासरू कुठेच नसते. कोणतीही गाय वा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. गाय नऊ महिने आणि वर काही दिवस गाभण राहते, म्हैस दहा महिने. दूध चालू राहायचे तर वेतामागून वेत व्हायला हवे, म्हणून बहुतेक ठिकाणी कृत्रिम रेतनाने तिला पुन्हा गाभण ठेवतात. जे पिल्लू जन्मते ते कालवड किंवा पारडी असेल तर उद्याचे दुभते जनावर म्हणून त्याला काही किंमत असते. नर असेल तर त्याने प्यालेले प्रत्येक लिटर दूध संकलन केंद्रावर न गेलेले लिटर ठरते. म्हणून त्याला पान्हा सुटेपर्यंत आचळाला लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. त्याला मारावे लागत नाही. अर्धपोटी ठेवले की पुरते. रेडकू मेले आणि म्हैस पान्हा सोडेना, तर त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवण्याची रीत या देशात होती आणि काही ठिकाणी आजही आहे. आपण आवडीने खातो तो खरवस ज्या चिकाचा होतो, तो चीक नवजात पिल्लाला रोगप्रतिकाराची पहिली शिदोरी म्हणून निसर्गाने दिलेला असतो. हे सांगताना कोणाला लाजवण्याचा हेतू नाही. ही माहिती आहे, आणि ती आपल्याला कोणी दिलेली नाही. राष्ट्रीय गोकुळ अभियानात सरकार आता लिंगनिर्धारित रेतमात्रा सवलतीत देते, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के वेळा मादीच जन्मावी. नर पिल्लू या व्यवसायाला नकोसे आहे, याची यापेक्षा स्पष्ट सरकारी कबुली कोणती असू शकते?

यावर सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप असा की आपल्याकडे अमेरिकेसारखे हजारो गायींचे कारखाने नाहीत. आपल्याकडे दोन-चार जनावरांचे गोठे आहेत, गायीला नाव असते, तिच्या आजारपणात घर जागते. हे खरे आहे, आणि मायेची ही नाती खोटी ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण सुरुवातीला सांगितलेले आकडे याच छोट्या गोठ्यांच्या देशातले आहेत. अकराला एक हे प्रमाण कुठल्या राक्षसी कारखान्याने घडवलेले नाही. ते लाखो मायाळू घरांच्या हिशेबातून घडले आहे. याचे कारण समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा गोऱ्या सैनिकांच्या खाण्यासाठी होणाऱ्या जनावरांच्या कत्तलीवर ते तुटून पडले, कारण बैल हा कुणब्याच्या शेतीचा कणा होता. त्या काळच्या गायीचे खरे उत्पन्न म्हणजे खोंड. दूध हे त्याच्याबरोबर येणारे थोडेसे जास्तीचे. नांगर, कुळव, मोट, गाडी या सगळ्याला नर लागत होता, म्हणून त्याला पोटभर दूध मिळत होते आणि पोळ्याला त्याची शिंगे रंगवली जात होती. ती व्यवस्थाही कष्टाची होती, तिच्यात पराणी होती, वेसण होती, पण नराला तिच्यात जागा होती. पुढे इंजिनाने मोट गेली, ट्रॅक्टरने नांगर गेला, आणि दुधासाठी होल्स्टीन व जर्सी यांच्या संकरित गायी आल्या, ज्यांच्या नरांना वशिंड फारसे नसते, जू नीट बसत नाही आणि आपल्या उन्हात दम टिकत नाही. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापुराच्या योजनेने गावोगावी दुधाला बाजार दिला. लाखो घरांना त्यामुळे रोख पैसा मिळाला आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र त्याच वळणावर दूध आणि बैल यांची फारकत झाली. परंपरेच्या नावाने आपण आज ज्या दुधाची बाजू घेतो, त्याची परंपरा जेमतेम दोन पिढ्यांची आहे.

रेड्याचे दुर्दैव बैलाहूनही जुने. म्हणून मला वाटते की मराठी मनाने त्याची आठवण विशेष ठेवायला हवी होती. पैठणच्या शास्त्र्यांपुढे ज्ञानेश्वरांनी वेद वदवला तो रेड्याच्या मुखातून, अशी कथा इथे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे, तिथे लोक भक्तीने जातात. जीवमात्रात एकच चैतन्य आहे हे सांगण्यासाठी परंपरेने सर्वांत तुच्छ मानला गेलेला प्राणी निवडला, यात मोठा विचार आहे. त्या विचाराचे नाते आपल्या फ्रीजमधल्या पिशवीशी आपण कधी जोडले नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येते. प्राण्यांची दया हे वरच्या जातींचे हत्यार आहे, तिच्या आडून दलितांच्या, मुसलमानांच्या, आदिवासींच्या अन्नावर हल्ला होतो, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे आणि ते पूर्णपणे मान्य केल्याशिवाय या विषयावर पुढे बोलता येत नाही. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने महारांवर लादले. दूध एका वस्तीने प्यायचे आणि त्या दुभत्या जनावराचा शेवट दुसऱ्या वस्तीने निस्तरायचा, शिवाय त्याबद्दल अपवित्रही ठरायचे. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ढोरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडा असे आपल्या लोकांना सांगितले, तेव्हा ते या अन्यायाच्या मुळावरच घाव घालत होते. जवळजवळ नव्वद वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेतल्या उना इथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर फटके मारले गेले. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूपर्यंत वाढवली. म्हैसवर्गाला ती लागू नाही. म्हणजे ज्या म्हशीचे दूध आपण गायीइतकेच पितो, तिचा रेडा कायद्याने कापता येतो. आणि गायीचा गोऱ्हा कापता येत नाही, पण पोसायलाही कोणी तयार नाही. २०१९ च्या गणनेत देशभरात पन्नास लाखांवर मोकाट गोवंश मोजला गेला. चौकात प्लास्टिक चघळणारा तो गोवंश कत्तलीतून सुटला, दुःखातून सुटला नाही. या कायद्याने कसायाचा आणि खाटकाचा रोजगार गेला; दूध पिणाऱ्याला त्याने एक प्रश्नही विचारला नाही. म्हणूनच मी म्हणते की प्राण्यांच्या बाजूचे बोलणे दुधापासून सुरू झाले तर ते आपोआप जातीच्या उतरंडीत वरून खाली न पडता, वरच्यांनाच जाब विचारते. ट्रक अडवून ड्रायव्हरला मारणाऱ्या टोळ्यांशी या विचाराचे कोणतेही नाते असू शकत नाही. माणसाला मारून केलेली प्राणिदया ही दया नाही, आणि तो गुन्हा आहे.

मग शेतकऱ्याचे काय? जुलै २०१८ मध्ये याच राज्यात दूध रस्त्यावर ओतले गेले होते, आणि त्यानंतरही ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर आणि इतर घन पदार्थांवर ठरणाऱ्या, दराची भांडणे दरवर्षी होत आली आहेत. पेंड महाग, दर पडलेला, भाकड जनावर विकता येत नाही. दुधाचा धंदा शेतकऱ्याला सुखात ठेवतो हा समज त्या आंदोलनांनीच खोटा ठरवला आहे. शहरी ग्राहकाला दूध स्वस्तात मिळते, कारण त्याची काही किंमत शेतकऱ्याचे कुटुंब, विशेषतः शेणगोठा करणाऱ्या बायका, बिनपगारी श्रमाने भरतात आणि उरलेली किंमत रेडकू भरते. म्हणून शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. मागणी हळूहळू बदलली तर संक्रमणाला सरकारी पैसा लागेल, कडधान्याला आणि तेलबियांना खात्रीचा भाव लागेल. दुधावर आज जी अनुदाने दिली जातात त्यांचा काही भाग तिकडे वळवा, ही मागणी प्राण्यांच्या कार्यकर्त्यांनी शेतकरी संघटनांबरोबर उभे राहून करायला हवी. धनगराच्या मेंढ्यांबद्दल किंवा डोंगरातल्या आदिवासीच्या कोंबडीबद्दल आज मी बोलत नाही, ते जाणूनबुजून. ज्याच्याजवळ दुसरा पर्याय आहे त्याने आधी बदलावे, हा साधा न्याय आहे.

पोषणाबद्दलही असेच सांगेन. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधात सव्वाशेच्या आत. धान्यातले सगळे अंगी लागत नाही हे धरूनही नाचणी, तीळ आणि पालेभाज्यांनी गरज भागते. तूर, हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन यांत प्रथिने मुबलक आहेत. जीवनसत्त्व बी-१२ मात्र वनस्पतींतून मिळत नाही. त्याची गोळी घ्यावी लागते, आणि हे जो सांगत नाही तो लोकांच्या आरोग्याशी खेळतो. भाकरी, झुणका, ठेचा, अंबाडीची भाजी, कोकणातली सोलकढी, गुळाचा कोरा चहा: कष्टकरी महाराष्ट्राच्या रोजच्या जेवणात दूध फार नव्हतेच, जे निघे ते विकले जाई. पण कुपोषित मुलाच्या ताटातले अंडे काढून घ्या, अशी मागणी प्राण्यांच्या नावाने कोणी करत असेल तर मी तिला विरोध करीन. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यावर राज्यात जो वाद झाला, त्यात पोटभर जेवणाऱ्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. अंड्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीला एका कागदाच्या पानाएवढीही जागा मिळत नाही, आणि अंड्यांच्या जातीतली नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी बोलायचे तर अंड्याच्या केककडे आणि हॉटेलातल्या ऑम्लेटकडे बघून बोलावे. वनस्पतींनाही जीव असतो, हा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढते: जनावर वाढवायला त्याच्यापासून मिळणाऱ्या अन्नाहून कितीतरी जास्त वनस्पती लागतात, तेव्हा ज्याला गवताची काळजी आहे त्यानेही दूधच कमी करावे.

एकट्याने चहा कोरा प्यायल्याने काय होणार, असे विचारणाऱ्यांना मी बोलण्याचा इतिहास दाखवते. १९५० च्या दशकात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले. ते त्यांना मागे घ्यावे लागले, पण त्यातूनच १९६० चा कायदा झाला. १९७८ मध्ये भारताने प्रयोगांसाठी माकडे परदेशी पाठवणे बंद केले. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल, माकड यांना सर्कशीच्या खेळातून सोडवले. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी थांबली. हे सगळे मूठभर माणसांनी चिकाटीने बोलत राहिल्याने घडले. पण नीट पाहा, या प्रत्येक विजयात झळ दुसऱ्या कोणाला तरी बसत होती: प्रयोगशाळेला, सर्कसमालकाला, कंपनीला. जिथे गावाच्या अभिमानाचा प्रश्न आला तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बंद झालेली बैलगाडा शर्यत राज्याने कायदा बदलून परत आणली, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. जिथे सगळ्यांच्याच स्वयंपाकघराचा प्रश्न आहे तिथे तर अजून बोलायला सुरुवातही झालेली नाही. संसद अशा ठिकाणी पुढे जात नाही. घरे पुढे गेली तर ती मागून येते. म्हणून हे बोलणे पंगतीतले, ऑफिसच्या चहाच्या वेळचे, लग्नाचा मेनू ठरतानाचे असायला हवे.

ते कसे बोलावे याबद्दल माझी काही ठाम मते आहेत. जेवायला बसलेल्या माणसाला कत्तलखान्याची चित्रे दाखवू नयेत. विचारले तर खरे सांगावे, आणि सांगताना आपल्या ताटापासून सुरुवात करावी. आजीने प्रेमाने पुढे केलेला पेढा नाकारताना तिच्या प्रेमाचा अपमान होणार नाही, एवढी भाषा आपल्या मराठीत आहे. सार्वजनिक गणपतीच्या मंडळात प्रसादाला गूळखोबरे सुचवता येते, शिवरात्रीला पिंडीवर ओतायचे दूध वस्तीतल्या मुलांना द्या असे पुजाऱ्याला म्हणता येते. यात दूध सोडा असे म्हणण्याचीही गरज नाही. जो दूध संघाचा सभासद आहे, त्याने वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारावे की सभासदांच्या गोठ्यांत यंदा किती नर जन्मले आणि त्यांचे काय झाले. संकलन, फॅट, लाभांश सगळे अहवालात असते, हा रकाना नसतो.

आणि कायद्याच्या बाजूने करण्यासारखे पुष्कळ आहे, कारण तिथली परिस्थिती लाजिरवाणी आहे. १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली जनावराला मारहाण केली, उपाशी ठेवले, कोंबून वाहून नेले, तर पहिल्या गुन्ह्याला आजही दंड आहे १० ते ५० रुपये. कित्येक दशकांत ही रक्कम बदललेली नाही. बदलाचा मसुदा २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला होता, त्याचा पाठपुरावा आपल्या खासदारांकडे करता येतो. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असा २००१ चा नियम आहे. ती आपल्या जिल्ह्यात आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, दवाखान्यासाठी आणि निवाऱ्यासाठी तिला किती निधी मिळाला, हे जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्या कार्यालयावर बंधनकारक असते.